पायाळू पोरीची वीज पाहण्याची रीत

माझा जन्म पायाकडून झाला. आधी पाय, मग डोकं. काटोलजवळच्या आमच्या गावात एवढं पुरेसं होतं. पायाळू माणसावर वीज पडते अशी समजूत, त्यामुळे आभाळ पहिल्यांदा गडगडलं की आजी मला अंगणातून ओढत माजघरात न्यायची, अंगावर घोंगडी टाकायची आणि उंबरठ्याशी उभी राहून पावशी अंगणात भिरकवायची. (पावशी म्हणजे पुण्या-मुंबईकडची विळी.) वीज लोखंडाकडे जाईल, पोरीकडे येणार नाही, असा तिचा हिशेब.

घोंगडीच्या विणीत बारीक भोकं असतात. वीज चमकली की त्या भोकांतून क्षणभर अख्खं माजघर निळंपांढरं दिसायचं. उतरंड, कोनाड्यातली चिमणी, खुंटीवरचा काकांचा सदरा. मग काळोख. मी आवाजाची वाट पाहत बसायची. कधी तो लगेच यायचा, कधी इतक्या उशिरा, की यायचा आहे हेच मी विसरून जायची. असं का होतं, हा माझ्या आयुष्यातला विज्ञानाचा पहिला प्रश्न. पुढे भौतिकशास्त्र शिकले, नागपुरातल्या शाळेत ३१ वर्षं विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले. आता मानेवाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहते आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत आभाळ भरून आलं की पश्चिमेच्या बंद खिडकीशी खुर्ची ओढते.

आजी मला घरात ओढत होती ते बरोबरच होतं. पण त्याच वेळी माझे काका धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) बाभळीखाली उभे असायचे आणि त्यांना कोणी हाक मारत नव्हतं, कारण ते पायाळू नव्हते. वीज जन्म बघत नाही, जागा बघते. तुम्ही कुठे उभे आहात, कशाला हात लावून आहात, एवढंच तिच्या लेखी खरं. ते एकदा नीट सांभाळलं की विजेसारखं पाहण्याजोगं दुसरं काही नाही. हे कसं सांभाळायचं आणि मग काय काय पाहायचं, ते लिहिते.

आभाळ वाचणं

नागपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना सकाळचं ते पांढरंफटक आभाळ माहीत आहे. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापते नऊ दिवस, सुरू असतो, पारा ४५ च्या आसपास, आणि दुपारी दोन-अडीचच्या सुमारास काटोल-कळमेश्वरच्या बाजूला फुलकोबीच्या गड्ड्यासारखे ढग उठायला लागतात. त्यांच्याकडे पाच-पाच मिनिटांनी बघा. ढगाच्या कडा कोरल्यासारख्या टोकदार असतील आणि तो आडवा न पसरता उंच चढत असेल, तर संध्याकाळची तयारी करा. हे ढग १२ ते १५ किलोमीटर उंच जातात. वर जागा संपली की माथा चपटा होऊन एका बाजूला पसरतो, लोहाराच्या ऐरणीसारखा. ऐरण दिसली की ढगात वीज तयार झाली असं धरून चाला.

वीज तयार होते ती बर्फामुळे. खाली आपण घामाने निथळत असतो आणि डोक्यावर सहा-सात किलोमीटरवर बर्फाचे हलके स्फटिक वर उडत असतात, मऊ गारा खाली येत असतात. त्यांची घासाघीस होते. हलके कण धनभार घेऊन माथ्याकडे जातात, जड गारा ऋणभार घेऊन मधल्या-खालच्या भागात राहतात. ताण सोसवेनासा झाला की हवा फाटते. बहुतेक विजा ढगातल्या ढगातच चमकतात, थोड्या जमिनीवर येतात.

मग तो गार वारा येतो. ४२-४३ अंशांची दुपार दहा मिनिटांत पार थंड होऊन जाते, धूळ उठते, दारं आपटतात, आमच्याकडे म्हणतात तसं वावधन सुटतं. सगळी कॉलनी गच्चीवर येते, मुलं नाचतात. हा वारा त्या ढगाच्या पोटातूनच खाली कोसळून जमिनीवर पसरलेला असतो. तो तुमच्या गालाला लागला याचा अर्थ ढग आला. नेमक्या ह्याच घटकेला गच्ची सोडायची असते.

वाळवणाची गोष्ट आधी

नागपुरात विजेच्या वेळी गच्चीवर कोण असतं? बायका. मे महिना म्हणजे कुरड्या, पापड, सरगुंडे, मुंगवड्या. चार दिवसांची मेहनत साडीवर पसरलेली असते आणि थेंब पडायला लागले की घरातली बाई धावत वर जाते. सर्वांत उंच जागी, मोकळ्यावर, शेजारी लोखंडी टाकीचा स्टँड आणि डिशची छत्री. माझ्या शेजारच्या काकू गेल्या वर्षी ऐन कडकडाटात जिन्यात होत्या. मी दार उघडून त्यांचा हात धरला. "अहो, मुंगवड्या भिजून राहिल्या ना!" म्हणाल्या. भिजू द्या. मुंगवड्या भाजीत टाकता येतात, पुन्हा घालता येतात.

माझा नियम साधा आहे. वाळवण आणि कपडे पहिल्या गडगडाटाला खाली येतात, तो कितीही लांबचा असो. तेव्हा नाही जमलं तर मग वर जायचंच नाही. गडगडाट साधारण १५ किलोमीटरपर्यंतच ऐकू येतो, आणि वीज ढगाच्या पावसापासून तेवढ्याच अंतरावर जाऊन पडू शकते. म्हणजे आवाज आला की तुम्ही तिच्या टापूत आलात. डोक्यावर ऊन आहे म्हणून तुम्ही सुरक्षित आहात असं नसतं.

हे फक्त गच्चीचं नाही. फुटाळा तलावावर पावसाळी संध्याकाळी भुट्टा खात पाण्याकडे तोंड करून उभं राहणं मलाही आवडतं, पण पहिल्या आवाजाला तिथून निघायचं. अंबाझरीचा काठ, रामटेकचा गड, क्रिकेटचं मैदान, सगळ्यांना हेच लागू. लग्नसराईत लॉनवरचा मंडप लोखंडी पाइपांवर उभा असतो. पाऊस आला की वऱ्हाडी त्याच पाइपांना टेकून उभे राहतात. त्यांना पक्क्या हॉलमध्ये न्या, नाहीतर गाड्यांमध्ये बसवा. पत्र्याच्या टपाची, काचा बंद केलेली कार चांगली, कारण वीज तिच्या बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत उतरते. टायरच्या रबराचा त्यात काही वाटा नाही. ऑटोला कापडी टप असतो आणि दुचाकीला काहीच नसतं, म्हणून दोन्ही थांबवून पक्क्या इमारतीत शिरायचं. बाभूळ, कडुलिंब, आंबा, कुठलंही झाड हा आसरा नव्हे.

एक विठ्ठल, दोन विठ्ठल

प्रकाश दिसला की मोजायला सुरुवात करा. घड्याळ नको. "एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल" असं सावकाश म्हटलं की एका विठ्ठलाला साधारण एक सेकंद जातो. शाळेत मी मुलांना हेच शिकवलं आणि पावसाळ्यात अख्खा वर्ग एका सुरात मोजायचा. गडगडाट ऐकू आला की थांबा आणि आकड्याला ३ ने भागा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांत एक किलोमीटर. माझ्या खिडकीतून पश्चिमेला चमकलं आणि २४ विठ्ठल झाले, तर वीज आठ किलोमीटरवर पडली, म्हणजे फुटाळ्याच्या आसपास कुठेतरी.

३० च्या आत आकडा आला की घराबाहेर राहायचं नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं झाल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. हे दोन तीस पाठ करा. दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण पाऊस थांबला की माणूस सैल होतो आणि जाता जाता ढगाची शेपटी फटका देते.

चार-पाच विजा मोजून वहीत लिहिल्यात तर ढगाची चाल कळते. २४, २१, १६ म्हणजे येतोय. १२, १५, २० म्हणजे चालला. माझ्या वहीत उन्हाळ्यातले बहुतेक ढग वायव्येकडून आलेले आहेत. जोडीला मोबाइलवर ‘दामिनी’ हे अ‍ॅप ठेवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ते बनवलं आहे, आणि आपल्या आसपास गेल्या काही मिनिटांत कुठे कुठे वीज पडली ते नकाशावर दिसतं. सोनेगावच्या विमानतळाजवळच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा पिवळा-नारिंगी इशाराही सकाळीच बघून ठेवावा. शेतात मजूर असतील तर तो इशारा त्यांच्यापर्यंत पोचवणं तुमचं काम आहे. त्यांच्या हातात त्या वेळी मोबाइल नसतो, विळा असतो.

घर किती सुरक्षित आहे ते तपासा

पक्कं घर सुरक्षित, हे खरं. पण घरातून बाहेर जाणाऱ्या तारा आणि नळ हे विजेचे आत येण्याचे रस्ते आहेत. हे मी पुस्तकात वाचलं होतं, वर्गात शिकवलंही होतं, आणि तरी एका मृगाच्या संध्याकाळी ओट्याशी भांडी घासत उभी होते. वरच्या टाकीपासून लोखंडी पाइप सरळ स्वयंपाकघरात आलेला. खिडकी पांढरी झाली आणि त्याच क्षणी कानठळ्या बसल्या. मोजायला एकही विठ्ठल मिळाला नाही. उजव्या हातात बोटांपासून कोपरापर्यंत कोणीतरी आतून हातोडा मारल्यासारखं झालं. ताट खाली पडलं. दोन तास करंगळीला स्पर्श कळत नव्हता. वीज आमच्या घरावर पडलीच नव्हती, मागच्या गल्लीत पडली होती.

दुसऱ्या दिवशी कळलं, की सेट-टॉप बॉक्स, पंपाचा स्टार्टर आणि वॉशिंग मशीन, तिन्ही गेले. वायरमन दादांनी बोर्ड उघडला, मग बाहेर जाऊन मीटरखालची जमीन खणली आणि मला बोलावलं. हिरवी वायर भिंतीतून व्यवस्थित खाली आलेली होती आणि जमिनीत वीतभर जाऊन तिथेच कापलेली होती. खड्डा नाही, पाइप नाही, काही नाही. ज्याने घर बांधताना वायरिंग केलं त्याने अर्थिंगचे, म्हणजे नको ती वीज जमिनीत उतरवणाऱ्या जोडणीचे, पैसे घेतले होते. बारा वर्षं आम्ही तीन पिनांचे प्लग विश्वासाने लावत होतो. मला त्या कापलेल्या टोकाचा आजही राग येतो, कारण अशी टोकं या शहरात किती घरांखाली असतील कोण जाणे.

म्हणून सगळ्यांना हात जोडून सांगते, उन्हाळ्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या. नुसतं बघून नाही, अर्थ टेस्टरने. आमच्याकडे आधी काटा चाळीसच्या वर ओहम दाखवत होता. खोल खड्डा घेतला, जस्ताचा मुलामा दिलेला पाइप उभा केला, कोळसा आणि मिठाचे थर भरले, तेव्हा तो पाचच्या खाली आला. आपल्या काळ्या मातीची एक खोड लक्षात ठेवा. ती ओली असली की वीज छान पिते, पण एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि पाइपापासून सुटून बाजूला होते. नेमक्या पहिल्या वादळांच्या वेळी अर्थिंग कोरडं पडलेलं असतं. मी मार्चपासून दर पंधरवड्याला त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतते. तुळशीला घालते तसंच.

एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा खटका, वीज अडवेल असं बरेच जण धरून चालतात. एमसीबीला खटका पाडायला काही मिलिसेकंद लागतात, विजेचा लोट मायक्रोसेकंदांत येऊन जातो. त्यासाठी मुख्य बोर्डात तो लोट जमिनीकडे वळवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवावा लागतो, आणि तोही अर्थिंग नीट असेल तरच काम करतो. छतावर सोलर असेल तर त्या बाजूलाही वेगळा लागतो.

बाकी गोष्टी थोडक्यात. गडगडाट सुरू होण्याआधी टीव्ही, फ्रीज, राउटर, इन्व्हर्टर यांच्या पिना काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. डिशची आणि केबलची वायरही काढा. वीज कडाडत असताना मात्र पिनांना हात लावायचा नाही, राहिलं ते राहिलं. अंघोळ, भांडी, कपडे थांबवा. खिडकीतल्या लोखंडी कूलरला हात नको. पत्र्याची पेटी, आत पाणी आणि जोडलेली वायर, नागपूरच्या प्रत्येक घरातली ही सर्वांत दुर्लक्षित वस्तू. मोबाइल वीज ओढून घेतो ही अफवा आहे. चार्जिंगला लावलेला मोबाइल मात्र कानाला लावू नका, आणि तारेचा जुना फोनही नको. शेतात विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर हा तर साक्षात धोका. पाऊस येतोय म्हणून मोटर बंद करायला धावू नका.

आता खुर्ची ओढा

हे सगळं झालं की दिवे मालवा. काचेची खिडकी बंद, लोखंडी ग्रिलपासून दोन हात लांब. हातात काही नको.

पहिल्यांदा वीज किती वेळा लुकलुकते ते बघा. आपल्याला एक वाटते ती बहुतेक वेळा तीन-चार फटक्यांची असते, एकाच वाटेवरून पाठोपाठ. ढगातून एक फिकट धागा सुमारे पन्नास-पन्नास मीटरच्या टप्प्यांनी खाली चाचपडत येतो, जमिनीवरच्या उंच वस्तूंतून दुसरा धागा वर चढतो, दोघं भेटले की तोच लखलखाट होतो. फांद्या खाली फुटलेल्या दिसल्या तर ती वरून आली. फांद्या आभाळाकडे फुटलेल्या दिसल्या तर ती मनोऱ्यावरून किंवा उंच चिमणीवरून वर निघाली. कोराडीच्या वीजकेंद्राच्या बाजूला अशी एक मी पाहिली आहे. २०११ च्या वहीत तिचं चित्र आहे.

रंग बघा. धुळीतून आली तर तांबूस, पावसातून आली तर जांभळट, कोरड्या हवेत पांढरीशुभ्र. विजेची वाट जाडीला दोन-तीन सेंटिमीटर, पण तिथली हवा ३०,००० अंशांपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. हवा इतक्या झटक्यात फुगते की स्फोट होतो. तोच आवाज. जवळ पडली की कापड टर्रकन फाडल्यासारखा येतो आणि मग एकच धडाका. लांबची घुमत राहते, कारण विजेची वाट कित्येक किलोमीटर लांब असते. तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी पोचतो, लांबच्या टोकाचा मागाहून. गडगडाट दहा सेकंद चालला तर समजा, वीज आडवी पसरलेली होती.

माझ्याकडे बाबांचा जुना रेडिओ आहे, सेलवर चालणारा. मीडियम वेव्हवर काटा दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी ठेवा. वीज प्रत्येक चमकेबरोबर रेडिओलहरी सोडते आणि त्या ‘खर्रर्र, टक’ अशा ऐकू येतात. खिडकीत चांदण्या असताना रेडिओ खरखरू लागला की शंभरेक किलोमीटरवर, छिंदवाड्याच्या डोंगरांत वगैरे, विजा नाचत आहेत असं समजतं. घरातल्या कुणालाही हे एकदा ऐकवा. मुलं झोपायला तयार होत नाहीत.

फोटो काढायचा असेल तर मोबाइल काचेशी पुस्तकांच्या टेकूवर ठेवून व्हिडिओ सुरू करा आणि नंतर त्यातली चौकट निवडा. बटण दाबायच्या नादात तुमचं पाहणं हुकतं.

एक सांगायचं राहिलं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मी अशीच बसले होते. विजा इतक्या लागोपाठ होत्या की कुठला आवाज कोणत्या विजेचा ते कळेना, मोजणंच थांबलं. त्या रात्री काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं, माणसं गेली. मोजता येत नाही इतक्या विजा दिसल्या तर खुर्चीवरून उठा आणि सखल भागात राहणाऱ्या आपल्या माणसांना फोन करा. मी त्या पहाटे केला नाही. ते मला लागून राहिलं आहे.

बाभूळ, बैल आणि फर्नची पानं

विजेने काय काय होतं ते मी पहिल्यांदा अकराव्या वर्षी पाहिलं. हत्ती नक्षत्राचा पाऊस होता. काकांची तंबाखू संपली म्हणून ते बाभळीखालून घरी आले, आणि ते चुना मळत असतानाच धुऱ्याकडे वीज कोसळली. पाऊस ओसरल्यावर मी आजीचा डोळा चुकवून त्यांच्या मागे वावरात गेले.

बाभळीची साल शेंड्यापासून बुंध्यापर्यंत चार बोटं रुंदीच्या पट्ट्यात सोलली गेली होती, सरळ नाही, झाडाला वळसा घेत. आतलं लाकूड ओलं, पिवळसर होतं. मी हात लावला तर कोमट लागलं. सालीचा एक वीतभर तुकडा वीस पावलांवर चिखलात सुरीसारखा रुतून बसला होता. हवेत जळक्या काडेपेटीसारखा वास. झाडाखाली दोन्ही बैल बसल्यासारखे पडले होते. अंगावर ओरखडा नाही. काका एकाच्या मानेवरून हात फिरवत राहिले, उठवायला फिरवतात तसा.

सालीचं कारण मला पुढे कळलं. झाडाच्या रसाची क्षणात वाफ होते आणि ती साल उडवून लावते. बैलांचं कारण तर प्रत्येक शेतकऱ्याला कळायला हवं. वीज झाडातून जमिनीत उतरून सगळीकडे पसरते, बुंध्याजवळ विजेचा दाब जास्त, लांब कमी. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत चार-पाच फुटांचं अंतर, म्हणजे एका टोकाला जास्त दाब आणि दुसऱ्याला कमी. वीज एका पायातून चढून काळजातून दुसऱ्या पायातून उतरते. म्हणून उघड्यावर सापडलात आणि जवळपास काहीच आसरा नसेल, तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका, एकमेकांपासून लांब राहा. अंगावरचे केस उभे राहिले, कातडीला मुंग्या आल्या तर हे लगेच करा. याने तुम्ही सुरक्षित होत नाही, धोका थोडा कमी होतो, एवढंच. आसरा सापडला की धावा. गुरांना झाडाला बांधू नका, गोठ्याच्या तारेच्या कुंपणालाही नाही.

त्या बाभळीजवळच्या संत्र्याच्या दोन ओळी पुढच्या महिन्याभरात पिवळ्या पडून वाळल्या. वीज त्यांच्यावर पडली नव्हती, मुळांपर्यंत पोचली होती.

काही वर्षांनी गावात निंदायला आलेल्या एका बाईला विजेचा झटका बसला. ती वाचली. खांद्यापासून पाठीवर लालसर नक्षी उमटली होती, फर्नच्या पानांसारखी, एकातून दुसरी फुटलेली. बायांनी देवीची खूण म्हणून हळद-कुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नक्षी गेली. जर्मन शास्त्रज्ञ लिश्टेनबर्ग याने १७७७ मध्ये धुळीवर विजेची अशीच नक्षी उमटवली होती, म्हणून तिला त्याचं नाव आहे. ती भाजल्याची खूण नसते आणि आपोआप मावळते. पण त्या बाईला एका कानाने नंतर कमी ऐकू यायचं आणि साध्या गोष्टी आठवायच्या नाहीत. लोक म्हणायचे, सोंग करते. ते सोंग नव्हतं. विजेतून वाचलेल्या माणसाला डोकेदुखी, विसरभोळेपणा, झोप न लागणं हे महिनोन्‌महिने राहू शकतं. असं कुणी ओळखीत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवा आणि डॉक्टरकडे न्या.

पायाळूचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या रॉय सुलिव्हन या वनरक्षकावर १९४२ ते १९७७ या काळात सात वेळा वीज पडली, आणि सातही वेळा तो वाचला. त्याचं कामच उघड्या डोंगरमाथ्यांवर फिरण्याचं होतं. वीज एका जागी दोनदा पडत नाही हे जे आपण म्हणतो, तेही खरं नाही.

कुणाला वीज लागली तर

आधी हात लावा. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही, तुम्हाला झटका बसणार नाही. या भीतीपोटी लोक गोल करून उभे राहतात आणि माणूस डोळ्यांदेखत जातो. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी जोरात दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती पाच सेंटिमीटर खाली जाईल इतकं. दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. विजेने थांबलेलं काळीज बरेचदा पुन्हा चालू होतं, श्वास मात्र मागे राहतो, म्हणून मदत येईपर्यंत सोडू नका. अनेक जण पडले असतील तर जो हलत नाही त्याच्याकडे आधी धावा. कण्हणारा जगतो आहे. शेणात किंवा चिखलात पुरून ठेवण्याचा प्रकार काही ठिकाणी अजून करतात. त्यात जाणारी मिनिटं हेच त्या माणसाचं आयुष्य असतं.

देशात २०२२ मध्ये विजेने २,८८७ माणसं गेली, सरकारी नोंदीतली. घरात असं झालं तर त्या दुःखातही तलाठ्याला कळवा, पंचनामा आणि शवविच्छेदन होऊ द्या. वारसांना राज्य सरकारची ४ लाख रुपयांची मदत आहे, जनावरांसाठीही मदत मिळते. कागद नसतील तर ती अडते.

पाऊस उघडल्यावर

तो मातीचा वास. मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, ते थेंबाच्या तडाख्याने हवेत उडतं. वादळाच्या आधी, वाऱ्याबरोबर कधी कधी एक तिखट, झिणझिण्या आणणारा वास येतो तो वेगळा, विजेने हवेत केलेल्या ओझोनचा. विजेच्या पावसाने पीक हिरवं होतं असं आजी म्हणायची. त्यात तथ्य आहे. वीज हवेतल्या नायट्रोजनची संयुगं करते आणि पाऊस ती मातीत आणतो. प्रमाण थोडं असतं. खताची गोणी वाचत नाही.

आजीच्या शेवटच्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे मानेवाड्याला होती. ऐंशीच्या पुढची. पहिल्या गडगडाटाला तिने सवयीने माझा हात धरला, मी तिला खिडकीशी बसवलं आणि विठ्ठल मोजायला शिकवलं. तिने तो एक तास सगळ्या विजा मोजल्या, भागाकार मी करून सांगत होते. पावशी तिने मागितली नाही. पाऊस थांबला, वास आत आला, तशी तिला गच्चीवर जायची घाई झाली. मी घड्याळ दाखवलं. ती दाराशी पायरीवर काठी घेऊन बसली आणि दर दोन मिनिटांनी आत वळून विचारू लागली, "झाला का वो बाई तुझा अर्धा घंटा?"